जुन्या मारुती ८०० चं पूर्ण ट्यून-अप: कार्ब्युरेटरला हात सगळ्यात शेवटी

सकाळी गाडी लवकर पेटत नाही, स्लोवर (अॅक्सिलरेटर न दाबता) थरथरते, चोर्ल्याच्या चढणीला दुसऱ्या गिअरच्या वर जात नाही आणि पेट्रोल मात्र पूर्वीपेक्षा जास्त पिते. अशा गाडीचं बॉनेट उघडलं की बहुतेकांचा हात पहिल्यांदा कार्ब्युरेटरच्या स्क्रूकडे जातो, आणि तिथेच काम बिघडतं. टॅपेट (व्हॉल्व्ह आणि रॉकरमधला गॅप ठरवणारा स्क्रू) घट्ट झालेला असतो, प्लगच्या वायरीतून ठिणगी गळत असते, इंजिनाची अर्थची (बॅटरीच्या निगेटिव्हला जोडणारी) पट्टी गंजलेली असते. मिक्सचरचा (हवा-पेट्रोलच्या मिश्रणाचा) स्क्रू फिरवून हा दोष चार दिवस झाकला जातो, मग तो परत येतो आणि आता मिक्सचरही बिघडलेलं असतं. ट्यून-अपमध्ये क्रम पाळणं हेच मुख्य काम आहे. आधी इंजिनाची यांत्रिक बाजू, मग ठिणगी, मग हवा-पेट्रोल.

हे मार्गदर्शन कार्ब्युरेटरवाल्या मारुती ८०० साठी आहे: ७९६ सीसी, तीन सिलिंडर, फायरिंग ऑर्डर १-३-२. ओम्नीतही हेच इंजिन असल्यामुळे तिलाही ते लागू पडतं, पण ती मागच्या चाकांवर चालते, तेव्हा पायरी २ मध्ये पुढचं चाक फिरवून तिचं इंजिन फिरत नाही. एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल देणारी) गाडी असेल तर पायरी ८ वेगळी, बाकी क्रम तोच.

गोव्यात या कामाला सगळ्यात चांगला काळ म्हणजे मेचा पहिला पंधरवडा. जूनच्या सुरुवातीला पाऊस लागला की हवेतला ओलावा इग्निशनमधली प्रत्येक कमकुवत जागा शोधून काढतो. उन्हाळ्यात कशीबशी चालणारी वायर आषाढात गाडी रस्त्यात उभी करते. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) तोंडावर गॅरेजात गर्दी असते आणि कामं घाईत होतात, म्हणून तेव्हापर्यंत थांबू नका.

१. सामान आधी जमवा

अर्धं इंजिन उघडून ठेवून म्हापशाला किंवा मडगावला गॅस्केट आणायला पळावं लागू नये, एवढ्यासाठी ही यादी.

हत्यारं:
- ८, १०, १२, १४, १७ चे रिंग आणि दुतोंडी पाने
- प्लग पाना (जुन्या प्लगला २१ मिलिमीटर)
- फीलर गेज
- कॉम्प्रेशन गेज
- मल्टिमीटर
- टायमिंग लाइट
- जॅक आणि दोन स्टँड, चाकांना लावायला लाकडी ओंडके
- ऑइल फिल्टरचा पाना, पसरट टब

लाइट आणि कॉम्प्रेशन गेज विकत घ्यायलाच हवं असं नाही. ओळखीच्या गॅरेजवाल्याकडून एका दिवसासाठी मिळतं.

पार्ट:
- प्लग ३
- प्लग वायरींचा सेट
- डेल्कोचं (प्रत्येक प्लगला पाळीने ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं) झाकण आणि रोटर
- पॉइंट (डेल्कोतले करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) आणि कंडेन्सर, पॉइंटवाली गाडी असेल तर
- एअर, ऑइल आणि पेट्रोल फिल्टर
- टॅपेट कव्हरचं गॅस्केट, ड्रेन बोल्टचं वॉशर
- इंजिन ऑइल, कूलंट, डॉट ३ किंवा डॉट ४ ब्रेक ऑइल
- कार्ब्युरेटर क्लीनर, बारीक पॉलिश पेपर, पेट्रोलियम जेली

डेल्कोचं झाकण आणि रोटर नावाजलेल्या कंपनीचेच घ्या. स्वस्तातल्या झाकणाचं प्लास्टिक लवकर तडकतं आणि आतल्या पितळी टोकांची लांबी एकसारखी नसते. इथे शंभर-दीडशे रुपये वाचवले तर पुढे महिनाभर मिसिंग (ठिणगी चुकणं) शोधत बसावं लागतं.

गाडीचं मॅन्युअलही जवळ ठेवा. खाली दिलेले आकडे सर्वसाधारण आहेत. तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच खरा.

२. टॅपेट: सकाळी, थंड इंजिनावर

गाडी आदल्या संध्याकाळपासून बंद असली पाहिजे. इंजिन गरम झालं की गॅप बदलतो आणि थंड इंजिनाचा आकडा निरुपयोगी ठरतो.

प्लगच्या वायरींवर १, २, ३ असे आकडे घाला. टायमिंग बेल्टच्या बाजूचा सिलिंडर एक नंबरचा. प्लग काढण्याआधी त्यांच्या खळग्यातली माती हवेने उडवा, नाहीतर ती थेट सिलिंडरमध्ये पडते. लाल मातीच्या रस्त्यांवर चालणाऱ्या गाडीत ही माती चमचाभरसुद्धा निघते. मग तिन्ही प्लग काढा आणि टॅपेट कव्हर उघडा.

इंजिन हाताने फिरवण्यासाठी मागच्या चाकांना ओंडके लावा, हँडब्रेक ओढा, पुढचं एक चाक जॅकवर उचलून खाली स्टँड द्या आणि गाडी टॉप गिअरमध्ये टाका. आता ते चाक पुढच्या दिशेने फिरवलं की इंजिन फिरतं. प्लग काढलेले असल्यामुळे जोर लागत नाही. उलटं फिरवू नका.

एक नंबरचा पिस्टन कॉम्प्रेशनच्या वर आणा. दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात तेव्हा दोन्ही रॉकर हाताने किंचित हलतात, हीच खूण. थंड इंजिनावर गॅप साधारण ०.१५ मिलिमीटरच्या आसपास ठेवतात. फीलरची पट्टी हलकी घासत जायला हवी: सैल सुटू नये आणि जोर लावून ढकलावीही लागू नये. लॉकनट सैल करून स्क्रू फिरवा. नट आवळताना स्क्रू पकडून ठेवा आणि आवळल्यावर पुन्हा पट्टी घालून बघा, कारण नव्वद टक्के वेळा आवळताना गॅप बदलतो. मग इंजिन क्रँकच्या हिशेबाने २४० अंश पुढे नेऊन तीन नंबर, आणि तेवढंच पुढे नेऊन दोन नंबर.

नवशिक्याला टॅपेटची टिकटिक खटकते आणि तो गॅप कमी करतो. हा फार महागाचा सापळा आहे. व्हॉल्व्ह आपली उष्णता बसणीला टेकून हेडमध्ये (इंजिनाच्या वरच्या भागात) सोडतो. गॅप फारच कमी असेल तर गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड जळते आणि मग हेड उतरवावं लागतं. थोडी टिकटिक असलेलं इंजिन वर्षानुवर्षं चालतं.

कव्हर लावताना जुनं गॅस्केट परत वापरू नका. बोल्ट फार आवळले की पत्रा वाकतो आणि ऑइल झिरपत राहतं.

३. कॉम्प्रेशन: पुढे पैसे घालायचे की नाही हे इथे ठरतं

प्लग आणि वायरी परत बसवा, जॅक काढा, गाडी पंधरा मिनिटं चालवून इंजिन तापवा, मग प्लगला हात लावता येईल इतकं निवू द्या. हेड अॅल्युमिनियमचं आहे. कडक गरम असताना प्लग काढले तर आटे ओढले जातात.

तिन्ही प्लग काढा, कॉइलची बारीक वायर सोडवा, गेज एक नंबरवर लावा. दुसऱ्या माणसाला अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून चार-पाच सेकंद स्टार्टर मारायला सांगा. अॅक्सिलरेटर न दाबता घेतलेला आकडा नेहमी कमीच येतो. तिन्ही आकडे लिहून ठेवा.

आकड्यांपेक्षा त्यांच्यातला फरक महत्त्वाचा. तिन्ही एकमेकांपासून १ किलो प्रति चौरस सेंटिमीटरच्या आत असतील तर पुढे जा. एखादा खूप कमी असेल तर त्या सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा झिजल्या आहेत. तसाच राहिला तर व्हॉल्व्ह बसत नाही. शेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी असतील तर हेड गॅस्केटचा संशय घ्या.

दोष निघाला तर इथेच थांबा. जळलेल्या व्हॉल्व्हच्या गाडीत नवे प्लग आणि नवं डेल्को घालून काहीही सुधारत नाही.

निकाल चांगला आला की इंजिन कोमट असतानाच ऑइल काढून घ्या, गाळ त्याच्याबरोबर निघून जातो. फिल्टरच्या रबराला नवं ऑइल लावा, तो हाताने टेकेपर्यंत फिरवा आणि मग पाऊण फेरा आवळा. आधी अडीच लिटर ऑइल घाला, गाडी दोन मिनिटं चालवून बंद करा, पाच मिनिटांनी डिपस्टिक बघून उरलेलं घाला. जुन्या झिजलेल्या इंजिनाला इथल्या हवेत २०डब्ल्यू-४० चांगलं. काढलेलं ऑइल गॅरेजमध्ये नेऊन द्या. घरामागे ओतलं तर ते विहिरीच्या पाण्यापर्यंत जातं.

पावसात फक्त ऑइलच्या टोपीखाली पांढरी साय दिसली तर घाबरू नका, छोट्या फेऱ्यांमुळे वाफ तिथे थिजते. डिपस्टिकवरचं ऑइलच दुधाळ असेल तर मात्र पाणी आत जातंय.

४. बॅटरी आणि अर्थ

कळंगुट, मोरजी, कोलवा या पट्ट्यातल्या आणि रोज फेरीबोटीने दिवाडी-चोडणला जाणाऱ्या गाड्यांचे निम्मे "इग्निशनचे" दोष इथेच सापडतात. खारं वारं बॅटरीची टोकं आणि अर्थच्या पट्ट्या आतून खातं. वरून वायर धडधाकट दिसते, पण प्लास्टिकच्या आत तांबं हिरवं पडलेलं असतं.

बॅटरी रात्रभर विसावल्यावर १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवायला हवी. गाडी चालू असताना १३.८ ते १४.४. मग खरी परीक्षा: मल्टिमीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर, दुसरी इंजिनाच्या साफ धातूवर ठेवा आणि स्टार्टर मारा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थ खराब. पट्टी काढा, दोन्ही बाजूंचा धातू पॉलिश पेपरने चमकवा, आवळा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा. जेली आवळल्यानंतरच लावायची.

५. प्लग, वायरी, डेल्को

काढलेले प्लग क्रमाने मांडून बघा. बिस्किटासारखा तपकिरी रंग म्हणजे ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. ओलं, चिकट काळं म्हणजे ऑइल वर येतंय. पांढराफटक म्हणजे मिश्रण पातळ (पेट्रोल कमी) किंवा इंजिन तापतंय. तिघांपैकी एकच वेगळा असेल तर दोष त्या सिलिंडरचा आहे, कार्ब्युरेटरचा नाही.

नव्या प्लगचा गॅपही मोजा, डब्यात आघात बसून तो बदललेला असतो. ०.७ ते ०.८ मिलिमीटर ठेवा. प्लग आधी हातानेच चार-पाच फेरे फिरवा. वॉशर टेकल्यावर नवा प्लग अर्धा फेरा आवळा. जोर लावून आटे गेले तर हेडचं काम निघतं.

वायरींची रेझिस्टन्स साधारण मीटरला १० ते २२ किलो-ओम असते. आकडा अमर्याद आला तर वायर तुटली आहे. दुसरी तपासणी रात्री करा: अंगणातला दिवा बंद करून, गाडी चालू ठेवून, वायरींवर पाण्याचा हलका फवारा मारा. कुठे निळी ठिणगी नाचताना दिसली तर सगळा सेट बदला. चालू गाडीत वायरींना हात लावू नका.

डेल्कोच्या झाकणात आतून पेन्सिलीच्या रेघेसारखी काळी बारीक रेघ दिसली तर झाकण फेका. ती कार्बनची वाट असते, ठिणगी तिच्यावरून भलत्याच टोकाला जाते, आणि घासून ती कायमची जात नाही. पांढरा-हिरवा थर असेल तर तो खरवडता येतो, पण टोकं खड्ड्यासारखी झिजली असतील तर नवं झाकण आणि नवा रोटर एकत्रच बसवा. वायरींचे रबरी बूट पूर्ण बसले आहेत ना, ते बघा. पावसाळ्यातलं पाणी तिथूनच शिरतं.

६. पॉइंट, मग टायमिंग

ज्या गाडीत इलेक्ट्रॉनिक इग्निशन आहे तिथे पॉइंट नसतात, थेट टायमिंगवर, म्हणजे ठिणगी पडण्याच्या वेळेवर, या.

पॉइंटचा गॅप ०.४ ते ०.५ मिलिमीटर. रोटरच्या कॅमचा उंचवटा पॉइंटच्या टाचेखाली असताना मोजायचा. टाचेला चिमूटभर ग्रीस लावा, जास्त लावलं तर ते उडून पॉइंटवर बसतं. नवे पॉइंट काही दिवसांत जळून खड्डे पडत असतील तर कंडेन्सर बदला.

क्रम उलटा करू नका: पॉइंटचा गॅप बदलला की टायमिंग बदलतं, टायमिंगमुळे गॅप बदलत नाही. इंजिन गरम, स्लो ठरलेल्या वेगावर, व्हॅक्यूमची नळी मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणे काढलेली किंवा बसवलेली, आणि टायमिंग लाइट एक नंबरच्या वायरीवर. खुणा आधीच खडूने पांढऱ्या करून ठेवा. डेल्कोचा बोल्ट किंचित सैल करून केसभर फिरवा, पुन्हा आवळा आणि पुन्हा बघा. व्हॅक्यूमच्या नळीतून तोंडाने ओढून धरा. ओढ टिकत नसेल तर आतला पडदा फाटला आहे, अशी गाडी हायवेवर मरगळते आणि पेट्रोल खाते.

अंदाजाने टायमिंग पुढे ओढल्यावर पिकअप वाढल्यासारखा वाटतो, पण चढणीला इंजिनातून खडखड येते. अनमोडच्या घाटात हा आवाज आला तर टायमिंग मागे घ्यायलाच हवं, पिस्टन त्या खडखडीने फुटतात.

७. हवा आणि पेट्रोलची वाट

डिचोली, साखळी, कुडचडे, सांगे या मायनिंगच्या पट्ट्यात एअर फिल्टरचं आयुष्य किनाऱ्यापेक्षा खूप कमी. फुंकून वापरायचाच असेल तर हवा आतून बाहेर मारा. बाहेरून मारली तर धूळ कागदात रुतते. उन्हाकडे धरल्यावर उजेड दिसत नसेल तर नवा घाला.

पेट्रोलच्या रबरी नळ्यांकडे आता जास्त लक्ष द्यावं लागतं. सध्या पंपावर मिळणारं पेट्रोल बहुतेक ठिकाणी ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉलचं आहे, आणि नव्वदच्या दशकातल्या गाडीचं रबर त्यासाठी बनवलेलं नव्हतं. नळ्या फुगतात, मऊ पडतात किंवा चिरा जातात. कार्ब्युरेटर आणि पेट्रोल पंपाचे पडदेही खराब होतात. इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्या टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंत एकदाच बदलून घ्या, क्लिपांसकट. बॉनेटमधली पेट्रोल गळती म्हणजे आगीला आमंत्रण.

मालक गल्फमध्ये किंवा जहाजावर आणि गाडी संपूर्ण पावसाळाभर बंद, असं असेल तर आणखी एक काम. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि पाणी जास्त झालं की दोन्ही मिळून टाकीच्या तळाशी वेगळे बसतात. ते पेट्रोल काढून टाका, नवा फिल्टर घाला आणि मगच गाडी पेटवा.

८. आता कार्ब्युरेटर

चोकची केबल सोडल्यावर त्याची हवा अडवणारी झडप पूर्ण उघडते का, हे आधी बघा. अर्धवट अडकलेला चोक हे जास्त पेट्रोल पिण्याचं सगळ्यात साधं आणि सगळ्यात दुर्लक्षित कारण आहे.

जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारे बारीक भोकांचे तुकडे, क्लीनर आणि हवेने साफ करा. त्यांत तार किंवा सुई घालू नका, भोक केसाएवढं मोठं झालं तरी ती जेट वाया जाते. कार्ब्युरेटर आणि मॅनिफोल्डच्या मधल्या गॅस्केटमधून हवा शिरत असेल तर स्लो कधीच स्थिर होत नाही, तेव्हा ते बोल्ट आवळून घ्या आणि गॅस्केट कडक झालं असेल तर बदला. हे काम मोकळ्यावर करा, जवळ विडी-सिगारेट नको.

इंजिन पूर्ण गरम, दिवे आणि एसी बंद, रेडिएटरचा पंखा थांबलेला. स्लो सुमारे ९०० आरपीएमवर आणा. मग मिक्सचर स्क्रू हळूहळू आत न्या, इंजिन अडखळू लागेल तिथे थांबा. आता बाहेर काढत जा, इंजिन सगळ्यात गुळगुळीत आणि वेगवान होईल तिथे थांबा. त्यानंतर अगदी थोडा आत. वेग वाढला असेल तर स्लोच्या स्क्रूने परत ९०० वर. स्क्रू शेवटपर्यंत नेताना जोर लावू नका, टोकावर वळं पडलं की तो पुन्हा नीट सेट होत नाही.

इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्यामुळे जुन्या सेटिंगवर मिश्रण थोडं पातळ पडतं. स्क्रू पूर्वीपेक्षा पाव फेरा बाहेर राहिला तर ते स्वाभाविक आहे.

एमपीएफआय गाडीत यातलं काही करायचं नाही. थ्रॉटलचा अडवणीचा स्क्रू कारखान्यात बसवलेला असतो, त्याला हात नको. थ्रॉटल बॉडी क्लीनर आणि मऊ फडक्याने पुसा, सेन्सरचे प्लग काढून टोकं साफ करा, चेक इंजिनचा दिवा लागत असेल तर स्कॅनरवर कोड वाचून घ्या.

९. कूलंट, पट्टे, ब्रेक

रेडिएटरमध्ये विहिरीचं किंवा नळाचं पाणी घालू नका. तयार कूलंट, किंवा कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे. झाकण थंड इंजिनावरच उघडा. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्ला मिळाला तर ऐकू नका. त्याने इंजिन थंडच राहतं, पेट्रोल जास्त जळतं, झीज वाढते, आणि रेडिएटर तुंबल्याचा मूळ दोष तसाच राहतो.

टायमिंग बेल्ट कधी बदलला याची नोंद नसेल तर बदलाच. तो तुटला की गाडी जिथे असेल तिथेच बंद पडते. फॅन बेल्ट अंगठ्याने जोरात दाबल्यावर साधारण सेंटिमीटरभर दबावा.

ब्रेक ऑइलही हवेतलं पाणी ओढतं. दोन वर्षांनी बदला, मग गाडी कितीही कमी चाललेली असो. मागचे ड्रम उघडून गंज आणि सिलिंडरची गळती बघा. पावसाळ्यात गाडी बंद ठेवणार असाल तर हँडब्रेक ओढून ठेवू नका, लायनर ड्रमला चिकटतात. गिअरमध्ये ठेवा आणि चाकांना ओंडके लावा.

१०. चाचणी आणि पीयूसी

दहा-पंधरा किलोमीटरची फेरी मारा, त्यात एक चढण असू द्या. परत आल्यावर चाकांचे नट, ऑइलची गळती, कूलंटची पातळी बघा आणि एक प्लग काढून रंग तपासा.

मग पीयूसी सेंटरवर जा. आरसी सोबत ठेवा. बीएस-४ (भारत स्टेज-४) च्या आधीच्या गाड्यांना हे प्रमाणपत्र सहा महिने चालतं. गाडीला पंधरा वर्षं होऊन गेली असतील तर आरसीचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी करावं लागतं. त्यासाठी आरसी, विमा, पीयूसी आणि फॉर्म २५ लागतो आणि गाडी तपासणीला न्यावी लागते, तेव्हा तारीख जवळ आली असेल तर ट्यून-अप त्याच्या आधी करून घ्या.

भारत स्टेज-२ च्या आधीच्या चारचाकी पेट्रोल गाडीला सीओची (कार्बन मोनॉक्साइडची) मर्यादा ३ टक्के आणि एचसीची (न जळलेल्या पेट्रोलची) १५०० पीपीएम आहे. स्टेज-२ आणि ३ च्या गाड्यांना ०.५ टक्के आणि ७५० पीपीएम. पास झालं तरी मशीनवरचे आकडे विचारून लिहून घ्या. सीओ आणि एचसी दोन्ही जास्त असतील तर मिश्रण जाड आहे, चोक, एअर फिल्टर आणि मिक्सचर पुन्हा बघा. सीओ कमी आणि एचसीच जास्त असेल तर कुठेतरी ठिणगी चुकते आहे किंवा बाहेरची हवा शिरते आहे. अशा वेळी मिक्सचरचा स्क्रू फिरवू नका, पायरी ५ पासून परत सुरू करा.